नागपुरात बसून ग्रीन बेच्या ड्राफ्टचं एवढं काय पडलंय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि तुम्हीच काय, ऑफिसात, सोसायटीत, लग्नात पंगतीला बाजूला बसलेले नातेवाईक, सगळेच कधी ना कधी विचारतात, की बाबा तू नागपूरचा माणूस, त्या अमेरिकेतल्या फुटबॉलच्या ड्राफ्टसाठी, म्हणजे क्लब नवीन पोरं निवडतात त्यासाठी, पहाटे उठून बसतो, ज्या पोरांना आयुष्यात कधी भेटणार नाही त्यांच्या नावांवरून भाच्याशी तास तास भांडतो, हे काहून? दरवेळी मी दोन वाक्यं बोलून विषय संपवतो. आज नीट सांगतो, कारण ड्राफ्ट तोंडावर आलाय आणि डोक्यात दुसरं काही नाही.

आधी हे, की हा आपला मोहननगर-कामठीचा फुटबॉल नाही, तो पायाने खेळायचा. हा अंडाकृती बॉलचा, हेल्मेटवाला. माझा क्लब ग्रीन बे पॅकर्स. भाचा २०१३ ला मिलवॉकीला शिकायला गेला, पहिल्याच थंडीत त्याने फोन केला, मामा इथे उणे वीसमध्ये लोकं स्टेडियममध्ये बसून राहिलेत आणि कोणी घरी जात नाही, तिथून मला नाद लागला. आणि मग कळलं की ग्रीन बे हे गाव केवढं, तर लोकसंख्या एक लाखाच्या थोडी वर, म्हणजे आपल्या नागपूरच्या एका कोपऱ्यात मावेल, आणि त्या गावाच्या स्टेडियममध्ये माणसं बसतात ऐंशी हजारांच्या वर. क्लबला मालक नाही. १९१९ साली मांस डब्यात भरणाऱ्या एका कंपनीने जर्सीला पैसे दिले म्हणून नाव पॅकर्स, आणि पुढे पैसा संपत आला की लोकांनीच वर्गणी काढल्यासारखे शेअर घेतले. आज पाच लाखांहून जास्त लोकांकडे शेअर आहेत, डिव्हिडंड नाही, विकता येत नाही, घरातल्या माणसाला देता येतो तेवढाच. २०२१ च्या विक्रीत भाच्याने तीनशे डॉलरला एक घेतला. मला त्याने सर्टिफिकेटचा फोटो पाठवला तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं, खरं सांगतो.

आता ड्राफ्ट. आपल्याकडे आयपीएलचा लिलाव सगळ्यांना माहीत आहे, ज्याच्या पर्समध्ये पैसे उरलेत तो बोली वाढवतो. तिथे बोलीच नाही. कॉलेजमधून निघालेल्या पोरांना सात राउंडमध्ये क्लब एकेक करून उचलतात, आणि मागच्या हंगामात जो सगळ्यात खाली होता त्याचा नंबर पहिला, जो जिंकला त्याचा शेवटी. फिलाडेल्फियाच्या क्लबचा मालक बर्ट बेल, त्याने १९३५ मध्ये ही कल्पना मांडली, कारण चांगली पोरं श्रीमंत क्लबांकडेच जात होती आणि बाकीचे मार खात होते, आणि १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. मला हे ऐकूनच क्लबाइतकाच ड्राफ्टही आवडायला लागला. हरलेल्याला आधी वाढायचं, आपल्या पंगतीत असं कुठे होतं?

त्यात सॅलरी कॅप, म्हणजे खेळाडूंवर एका क्लबने वर्षाला किती खर्च करायचा त्याची मर्यादा, २०२५ ला ती २७९.२ मिलियन डॉलर होती, सगळ्यांना सारखीच. ड्राफ्टमधल्या पोराचा पगार पहिली चार वर्षं कमी, आणि बराचसा नंबरावरूनच ठरलेला, त्यामुळे ज्याने पोरगा नीट निवडला त्याच्याकडे दुसऱ्या जागेसाठी पैसे उरतात. म्हणून भांडण. नशिबाचा भाग आहे, पण सगळं नशीब नाही.

आणि यंदाचं भांडण असं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आमच्या क्लबने डॅलसकडून मायका पार्सन्सला आणलं, समोरच्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणाऱ्यावर, धावून जाणाऱ्यांत त्याच्यासारखे फार थोडे, आणि त्याच्या बदल्यात आमचा खेळाडू केनी क्लार्क दिला आणि २०२६, २०२७ दोन्ही वर्षांचे पहिल्या राउंडचे पिक, म्हणजे पोरगा निवडायचे नंबर, दिले. डिसेंबरमध्ये डेन्व्हरच्या मॅचमध्ये पार्सन्सच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. आता पिट्सबर्गला २३ ते २५ एप्रिल ड्राफ्ट आहे आणि पहिल्या रात्री आमचा नंबरच नाही, बसून दुसऱ्यांची पोरं बघायची.

भाच्याचं म्हणणं, मामा, असं हातावर हात ठेवून चालत नाही, दुसऱ्या आणि तिसऱ्या राउंडचा पिक एकत्र द्या आणि पहिल्या राउंडच्या शेवटाला चढा, एक चांगला कॉर्नरबॅक, म्हणजे समोरच्याला बॉल झेलू न देणारा, घ्या, टीम आत्ता जिंकायच्या वयाची आहे. माझ्या ओळखीची एक मुलगी आहे, मिहानमध्ये कामाला, ती या खेळात माझ्याही पुढची, तिने एक्सेल शीटच बनवून ठेवली आहे. डॅलसचा कोच जिमी जॉन्सन होता, त्याच्या काळात पिकची किंमत मोजायचा एक तक्ता निघाला, पहिल्या नंबरला ३००० पॉइंट, तिसाव्याला ६२०, पन्नासाव्याला ४००. क्लब आता स्वतःचे वेगळे तक्ते वापरतात पण आमच्यासारखे अजून तोच धरतात. तर पन्नासाव्या नंबरावरून तिसाव्यावर चढायला २२० पॉइंट अजून पाहिजेत, आणि तेवढ्यात तिसऱ्या राउंडचा बरा पिक जातो. म्हणजे दोन पोरांच्या जागी एक. ती म्हणते किंमत वाजवी आहे, जावं. भाचा म्हणतो डोळे मिटून जावं. मी म्हणतो नाही, जागेवर थांबा, आणि कोणी चांगला भाव देत असेल तर अजून थोडं खाली सरका आणि एक पिक जास्त घ्या.

मला लोक म्हणतात तू भित्रा आहेस. नाही हो. मी हे कुठून शिकलो ते सांगतो.

आमची काटोलकडे संत्र्याची बाग होती. बाबा नवीन कलमा आणायला शेंदूरजनाघाटला जायचे आणि शाळेला सुट्टी असली की मला घेऊन जायचे. पन्हेरीवाला सगळ्यात उंच, हिरवीगार, तकतकीत पानांची कलमं पुढे करून दाखवायचा. बाबा उंचीकडे बघायचेच नाहीत. खाली उकिडवं बसायचे, जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कळी, कुठे भरलाय ते बघायचे, जमिनीपासून वीतभर वर पाहिजे, खाली असला तर पुढे पाण्याने डिंक्या लागतो आणि झाड जातं, मग जोडावरून अंगठा फिरवायचे, एखादं कलम उपटायला लावून मुळं बघायचे. अर्धा दिवस जायचा. मला कंटाळा यायचा, मी म्हणायचो बाबा ते मोठं घ्या न, ते म्हणायचे चार-पाच वर्षं याला फळ येणार नाही, तोवर मला याच्याकडे बघत बसायचंय, आज दिसते कसं ते मले नको सांगू. आणि कधीही मोजून आणायचे नाहीत, पाच-दहा जास्तच, कारण काही मरणारच. कोणती मरतील ते बाबांनाही सांगता यायचं नाही, तीस वर्षं बाग केलेल्या माणसाला.

फेब्रुवारीच्या शेवटाला इंडियानापोलिसला ड्राफ्टच्या आधीच्या चाचणीत ती पोरं चड्डी-बनियनवर चाळीस यार्ड पळतात आणि सगळी दुनिया स्टॉपवॉच घेऊन बसते, ते बघताना मला दरवर्षी तो पन्हेरीवाला आठवतो. १९८९ ला ग्रीन बेचा दुसरा नंबर होता. टोनी मँडरिच नावाचा भलामोठा लाइनमन, क्वार्टरबॅकसमोर भिंत होऊन उभा राहणारा, एवढं अंग आणि एवढा वेग कोणी पाहिला नव्हता, त्याला घेतलं. त्या वर्षीचे पहिले पाच बघा, ट्रॉय एकमन, मँडरिच, बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस, डिऑन सँडर्स. त्यातले चार हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या यादीत, आहेत आणि पाचवा आमचा. मी तेव्हा या खेळाचं नावही ऐकलं नव्हतं, तरी ती यादी वाचली की छातीत कळ येते.

आणि उलटही बघा. आमचा जुना क्वार्टरबॅक बार्ट स्टार, ज्याने पहिले दोन्ही सुपर बोल, म्हणजे फायनल, जिंकून दिले, तो १९५६ ला दोनशेवा पिक होता, सतराव्या राउंडमध्ये, तेव्हा राउंड जास्त असायचे. डोनाल्ड ड्रायव्हर १९९९ ला सातव्या राउंडमध्ये, २१३ वा, आणि क्लबच्या इतिहासात बॉल झेलून सगळ्यात जास्त यार्ड त्याचे. २००८ ला तर आमच्याकडे पहिल्या राउंडचा पिक होता, तिसावा, तो न्यूयॉर्कच्या जेट्सला देऊन आम्ही खाली सरकलो आणि छत्तिसाव्याला जॉर्डी नेल्सन घेतला, वर एक पिक मिळाला तो वेगळा. तीन वर्षांनी सुपर बोलमध्ये त्याच नेल्सनने नऊ कॅच घेतले, १४० यार्ड. मी पहिल्यांदा ड्राफ्ट पाहिला २०१४ ला, तोही दुसऱ्या दिवसाचा, शनिवारी पहाटे, आणि आमचा नंबर आला त्रेपन्नावा, डेव्हान्टे ॲडम्स. दुसऱ्या राउंडमध्ये रिसीव्हर, म्हणजे बॉल झेलणारा, शोधणं हे आमच्या क्लबाला फार पूर्वीपासून जमतं, ग्रेग जेनिंग्ज, रँडल कॉब, सगळे तिथलेच.

पण भाच्याकडेही उत्तर आहे आणि ते मला आवडत नसलं तरी खरं आहे. २०१७. आमचा एकोणतिसावा नंबर होता, आम्ही तो क्लीव्हलँडला दिला, खाली तेहेतिसाव्यावर गेलो, कॉर्नरबॅक घेतला. आणि तिसाव्या नंबरावर पिट्सबर्गने घेतला टीजे वॉट. विस्कॉन्सिनचाच, म्हणजे ग्रीन बेच्याच राज्यातला पोरगा, तिथेच वाढला, तिथल्याच युनिव्हर्सिटीत खेळला, घरचं पीक. तो पुढे केवढा मोठा झाला ते या खेळातल्या कोणालाही विचारा. भाचा म्हणतो मामा, तुमचं हे खाली सरकणं त्या दिवशी आपल्याला महागात पडलं आणि अजून पडून राहिलं. मी गप्प बसतो. काय बोलणार.

मग २०२०. लॉकडाऊन होता, लीगचा कमिशनर स्वतःच्या घरातून नावं वाचत होता, आमच्याकडे २४ एप्रिलची पहाट, रस्त्यावर चिटपाखरू नाही, भाचा व्हिडिओ कॉलवर. आदल्या हंगामात आम्ही तेरा जिंकलेले, तीन हरलेले, सुपर बोलच्या एक मॅच अलीकडे हरलेले, सगळ्यांना एकच पाहिजे होतं, आमचा क्वार्टरबॅक आरन रॉजर्स, त्याच्या जोडीला एक रिसीव्हर. क्लब तीसवरून सव्विसावर चढला, मी उभाच राहिलो, आणि नाव आलं जॉर्डन लव्ह. क्वार्टरबॅक! रॉजर्स असताना! दोघंही इतके चिडलो की भाच्याने कॉल कट केला. मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. बाबा तेव्हा होते, ते लवकर उठायचे, त्यांनी विचारलं काय झालं, मी सगळं सांगितलं, की आज कामाचा माणूस पाहिजे होता आणि यांनी तीन वर्षांनी लागेल तो आणून ठेवला. बाबा म्हणाले, जुनं झाड किती वर्षांचं आहे? मी म्हटलं छत्तीस. ते म्हणाले मग नवीन कधी लावणार, ते वाळल्यावर? आणि आत गेले चहा मांडायला.

मला तेव्हा पटलं नाही. रॉजर्सने नंतर सलग दोन वर्षं एमव्हीपी, म्हणजे लीगमधल्या सगळ्यात भारी खेळाडूचा किताब, घेतला तेव्हा तर मी बाबांना ऐकवायचो, बघा तुमचं जुनं झाड. लव्ह तीन वर्षं बेंचवर बसून राहिला. २०२३ ला रॉजर्स न्यूयॉर्कला गेला, लव्ह उभा राहिला, आणि जानेवारी २०२४ मध्ये प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीत, डॅलसच्या घरात जाऊन आम्ही ४८-३२ जिंकलो, पूर्ण लीगमधली सगळ्यात तरणी टीम. ती मॅच बघायला बाबा नव्हते. त्यांना सांगायचं राहून गेलं.

तर लव्हसाठी आम्ही वर चढलो होतो, खाली सरकलो नव्हतो, हे मला कळतं, भाचा ते दर आठवड्याला सांगतोच. माझं म्हणणं चढूच नका असं नाहीच. क्वार्टरबॅकसाठी चढा, दहा-पंधरा वर्षांचं झाड असतं ते. कॉर्नरबॅकसाठी, तेही दोन वर्षं पहिला राउंड हातात नसताना, आहेत त्या थोड्या कलमांतली दोन देऊन एक उंच कलम घ्यायचं, आणि त्याचाही गुडघा गेला तर? यंदा संख्या पाहिजे. तीन पोरं घ्या, एक लागेल.

हे आम्ही महिनाभर बोलून राहिलोय, चहावर, गाडीवर, रात्री अकराला फोनवर. भाचा जे नाव घेतो त्याचे मी व्हिडिओ बघतो, मी जे घेतो त्याचे तो, आणि आठवड्याभरात दोघांचीही मतं थोडी हललेली असतात. तो दहा-बारा वर्षांपासून तिकडे आहे, नोकरी, घर, मुलगी. बाकी बोलायला आम्हाला पाच मिनिटं लागतात, तब्येत बरी आहे का, हो बरी आहे. यावर मात्र तास पुरत नाही. तुम्ही विचारता की ओळख ना पाळख, त्या पोरांवर काय भांडता, तर त्या पोरांमुळेच भाचा मला अजून ओळखीचा आहे.

पहिला राउंड शुक्रवारी २४ तारखेला, आपल्याकडे पहाटे साडेपाचला. भाचा म्हणतो आपला पिक नाही, झोपा. मी उठणार आहे, कोणता कॉर्नरबॅक किती खाली घसरतो ते बघायचंय, कारण त्यावरच शनिवारचं ठरेल. शनिवारी दुसरा राउंड पहाटे साडेचारला, त्या वेळेला नागपूरच्या एप्रिलमध्येही कूलरशिवाय बसता येतं. मिहानवाली येणार आहे शीट घेऊन. आमचा नंबर येईपर्यंत चौकातली तर्री-पोह्याची गाडी लागलेली असते, तुम्हीही या, फक्त आदल्या दिवशी सांगा म्हणजे प्लेटा किती आणायच्या ते कळेल.