बिरड्याचा सण, पेन्सिल्व्हेनियात

गुरुवार, २७ जुलै २०२३, रात्री उशिरा

आज दिवसभर मी कोणालाही ‘सुप्रभात’ म्हटले नाही. तिशा ब’आव, म्हणजे ज्यू पंचांगातल्या आव महिन्याच्या नवमीला, शोकामुळे एकमेकांना अभिवादन करायचे नसते. परंतु एरवी नाश्त्याआधी प्रत्येक केबिनसमोर जाऊन मुलांना हाका मारणाऱ्या माझ्यासारख्या शिबिराच्या संचालिकेला हे मौन उपवासापेक्षा जड गेले.

जेरुसलेमचे पहिले मंदिर बाबिलोन्यांनी इ.स.पू. ५८६ च्या सुमारास आणि दुसरे रोमनांनी इ.स. ७० मध्ये उद्ध्वस्त केले, त्याचे हे सुतक. ते नेमके उन्हाळी सुट्टीत येते. त्यामुळे अमेरिकेतल्या ज्यू मुलांना हनुक्का आणि पेसाख हे सण घरी किंवा शाळेत भेटतात, ही नवमी मात्र बहुतेकांना शिबिरात आली तरच कळते. पोकोनोच्या डोंगरातल्या आमच्या शिबिराच्या आठ आठवड्यांत मला सर्वांत जास्त काळजी याच दिवसाची असते.

आव महिन्याच्या सुरुवातीपासून या नवमीपर्यंतचे नऊ दिवस मांस वर्ज्य आणि मौजेचे पोहणेही वर्ज्य, पण पोहायला शिकण्यास मुभा असल्यामुळे या दिवसांत तलावात उतरणारा प्रत्येक जण शिकाऊच असतो. दरवर्षी शर्यत जिंकणारी मुलेही निरागस चेहऱ्याने शिकाऊंच्या रांगेत उभी राहतात आणि मी त्यांना अडवत नाही.

काल सूर्यास्तानंतर आम्ही सभागृहातली बाके आडवी केली, जमिनीवर बसलो आणि मेणबत्त्यांच्या उजेडात विलापगीत वाचले. बाहेर पडताना दहा वर्षांच्या एका मुलीने विचारले, की जे मंदिर तिने कधी पाहिलेच नाही त्यासाठी तिला रडू कसे येणार. रडायलाच हवे असे नाही, एवढेच मी म्हटले. उत्तर तोकडे होते, हे मला तेव्हाच कळले.

माझ्या लहानपणी रेवदंड्याला या दिवसाचे नावच ‘बिरड्याचा सण’ होते. उपवासाला सण म्हणणारे आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू! जेरुसलेम कोठे आहे हे ठाऊक नसण्याच्या वयात मला एवढेच माहीत होते, की आजी आज अन्नपाणी न घेता मोड आलेले वाल सोलते आहे आणि संध्याकाळी ते केळीच्या पानावर वाढले जाणार आहेत.

म्हणून यंदा मी न्यू जर्सीतल्या भारतीय दुकानातून चार किलो वाल आणवले. स्वयंपाकघराच्या कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांच्या, देखरेखीचे काम पाहणाऱ्या गृहस्थांनी ते परातीत पसरून, निवडून, दोनदा पाहून मगच भिजवू दिले. आज दुपारनंतर, खुर्च्यांवर बसण्याची मुभा मिळाल्यावर, ज्यांना वयामुळे उपवास नव्हता ती मुले कोमट पाण्याच्या पातेल्यांभोवती बसली. चिमटीत दाबले की दाणा सालातून सुटकन बाहेर उडतो, याचे त्यांना भारी हसू येत होते, आणि शोकाच्या दिवशी हसू द्यावे की नाही हे मला ठरवता आले नाही. मी गप्प राहिले. तास-दीड तासाने हसणे आपोआप थांबले, बोटे सुरकुतली, आणि नुसते सोलणे चालू राहिले.

तेव्हा कालचीच मुलगी म्हणाली, “तुमची आजी रडत असे का?”

“नाही,” मी म्हटले, “ती हेच करत असे.”

नऊच्या सुमारास उपवास सुटला. नारळाच्या रसातले बिरडे कागदी ताटल्यांत वाढले, केळीची पाने येथे कोठून आणणार? निम्म्या मुलांनी एक घास खाऊन पास्ता मागितला. तिने दुसऱ्यांदा घेतले.