तुम्ही विचारलंत म्हणून: दोघांना घेऊन सामान आणायला एकटे कसे जाता?

हा प्रश्न बहुतेक वेळा बिलाच्या रांगेतच येतो, मागे उभ्या असलेल्या कुणा काकूंकडून. स्वरात कौतुक असतं. हीच कसरत माझी बायको करते तेव्हा तिला कौतुक नाही, सल्ले मिळतात. असो.

खरं सांगायचं तर पहिली पंधरा मिनिटं झकास जातात. मुलगी पाच वर्षांची आहे, टोमॅटो तीच निवडते. एकेक उचलून निरखते आणि मऊ लागला की "हा रडका आहे" म्हणून बाजूला ठेवते. दोन वर्षांचा धाकटा ट्रॉलीत बसून मिळेल त्या पाकिटाचा कोपरा चावत असतो. इथवर कुणीही निभावून नेईल.

पुढे मात्र "हे घेऊ?" सुरू होतं. नको. "हे?" तेही नको. एकदा मी मोजायला लागलो आणि सतराव्या नकारानंतर सोडून दिलं. एवढे नकार मोठ्या माणसाने तरी शांतपणे ऐकून घेतले असते का? त्यानंतर ज्या ठिकाणी हलायचं नाही, नुसतं थांबायचं, त्याच ठिकाणी चॉकलेटं मांडलेली असतात, आणि तीही बरोबर पोरांच्या हाताशी. लोक याला हट्ट म्हणतात. मला तो सापळा वाटतो, आणि तो पोराने लावलेला नसतो.

इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या दुकानांना बिलाच्या काउंटरजवळ, दारापाशी आणि रॅकच्या टोकांना जास्त साखर, मीठ किंवा चरबी असलेले ठरावीक पदार्थ मांडायला मनाई आहे. हे वाचलं तेव्हा, वेड्यासारखं वाटेल, पण मला सुटल्यासारखं झालं. म्हणजे दोष सगळा माझ्या वळण लावण्यात नव्हता.

ट्रॉलीचंही तेच. १९३७ साली ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने ती आणली, कारण हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवायचं. मुळात ती सामानासाठीच, पोरं त्यात आपण बसवतो. अमेरिकेत १९९० ते २०११ या काळात ट्रॉलीमुळे जखमी झालेल्या सरासरी २४ हजार मुलांवर दरवर्षी तातडीचे उपचार करावे लागले. त्यातली बहुतेक ट्रॉलीतून पडलेली, आणि मार मुख्यतः डोक्याला. मी साबण घ्यायला वळलो तेवढ्यात धाकटा बैठकीवर उभा राहिला होता. शर्टाची मागची बाजू माझ्या मुठीत आली म्हणून वाचलो. त्या दिवसापासून एकतर पट्टा लावायचा, नाहीतर त्याने खाली उतरून चालायचं. चालला की वेळ तिप्पट लागतो, लागू दे.

बाकी युक्त्या साध्याच आहेत. पोट भरल्याशिवाय निघायचं नाही. झोपेची वेळ जवळ आली असेल तर जायचंच नाही, सामान उद्या आणता येतं. प्रत्येकाने एक वस्तू निवडायची, पण ती दुकानात शिरल्या शिरल्या. रांगेत उभं राहिल्यावर निवड बंद. आणि यादी मुलगी चित्रांनी काढते. साबण म्हणजे चौकोन आणि त्यावर बुडबुडे. ट्रॉलीत वस्तू पडली की तिने पेन्सिलीने खूण करायची. हातात काम असलं की तिचे "हे घेऊ?" निम्म्यावर येतात.

एवढं करूनही फसतं. गेल्या महिन्यात धाकटा रांगेत आडवाच झाला, गाल फरशीला टेकवून. बघणारे बघत होते. मी भरलेली ट्रॉली काउंटरवरच्या मुलीच्या हवाली केली, माफी मागितली, एकाला काखोटीला मारलं, दुसरीचा हात धरला आणि बाहेर पडलो. पायरीवर पाच मिनिटं तिघंही गप्प बसलो होतो. धाकट्याला उचकी लागली होती.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "दूध?"

मुलीने खिशातून यादी काढून तिच्यापुढे धरली. दुधाच्या चित्रापुढे खूण होती, चांगली ठळक.