तेराव्या वर्षी एकटीने विमानात : मोपा ते मुंबई

मेअखेर भाचीला कुडाळहून मुंबईला एकटीने विमानाने पाठवलं. कोकणकन्येचं वेटिंग सरकेना आणि सोबत जायला घरात कोणी मोकळं नव्हतं. आजीचा एकच घोष, "बाय एकटी कशी जातली?" पोर क्लाससाठी कुडाळ-सावंतवाडी एसटीने एकटी ये-जा करते. गाडी चुकली तर कंट्रोलरला विचारून दुसरी पकडते. माझ्या मते तयारी बघायची ती इथे, आधार कार्डावरच्या जन्मतारखेत नाही.

नियम मात्र वयावरच चालतात. 5 वर्षांखालच्या मुलाला एकटं नेत नाहीत. 5 ते 12 पर्यंत बहुतेक देशी कंपन्या वेगळे पैसे घेऊन सोबतीची सेवा देतात. सोडणारा कोण, घेणारा कोण हे फॉर्मवर लिहावं लागतं आणि पलीकडे ओळखपत्र बघूनच मूल ताब्यात देतात. बारा पूर्ण झाली की साधं तिकीट. तरी बुकिंगआधी त्या त्या कंपनीला विचाराच.

सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ आम्हाला जवळ, पण हव्या त्या दिवशी विमान नव्हतं, म्हणून गोव्यातला मोपा. बांद्यावरून पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडली की फार लांब नाही. टर्मिनलच्या दारावर तिकीट आणि फोटोचं ओळखपत्र बघतात. तुमच्याकडे तिकीट नसेल तर निरोप तिथेच. पुढचं सगळं पोराने करायचं, तेव्हा सराव घरी करून घ्या: आधी बॅग द्यायची, मग सुरक्षा तपासणी, मग गेट. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणून दोन तास हातात ठेवा. गेट ऐन वेळी बदलतं. फलक बघत राहायचं आणि शंका आली तर गणवेशातल्या माणसाला विचारायचं. लाजणारं मूल असेल तर वय सोळा असलं तरी अजून थांबा.

सामानात आजीने सुकं खोबरं कोंबलंच होतं. ते काढलं, कारण तेलामुळे ते ज्वलनशील धरतात. लोणचं बॅगेत गेलं, हातात चालत नाही. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्या पिशवीतच हवी.

पावसाळ्यात पाठवणार असाल तर एक गोष्ट नक्की सांगून ठेवा. हवा बिघडली की विमान कधी दुसऱ्याच विमानतळावर उतरवतात. अशा वेळी आपण होऊन बाहेर पडायचं नाही, कर्मचारी सांगतील तसं वागायचं आणि घरी फोन करायचा. फोन चार्ज हवा, आणि दोन नंबर कागदावरही लिहून द्या. दर पाच मिनिटांनी "पोचलीस का गेटवर?" विचारणारे आमच्यासारखे मामा-मावशी असले की बॅटरी तिथेच संपते.

मुंबई विमानतळाची टी-1 आणि टी-2 ही दोन टर्मिनल एकमेकांपासून बरीच लांब आहेत. घ्यायला येणाऱ्याला तिकिटाचा फोटो पाठवून टर्मिनल तपासायला सांगा, आणि बाहेर कुठल्या गेटपाशी उभं राहायचं ते विमान सुटायच्या आधीच ठरवून टाका.