बाळ आहे तोवरच

एडवर्ड्स सिंड्रोममध्ये अठराव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. अशी बहुतेक बाळं वर्षाची होत नाहीत. बाळ घरी आलं की नळी, मशीन आणि औषधांच्या वेळा सांभाळतानाच दिवस सरतो, आणि ठसे-फोटो ‘नंतर बघू’ म्हणून राहून जातात. ते नंतरवर टाकू नका, एवढंच कळकळीने सांगायचं आहे.

पावलाचा ठसा सगळ्यांत सोपा. हाताचा अवघड, कारण या बाळांच्या मुठी घट्ट मिटलेल्या असतात आणि तर्जनी मधल्या बोटावर चढलेली असते. ती बोटं ओढून उघडू नयेत. पाऊल कोमट फडक्याने पुसून कोरडं करा, बिनविषारी शाईचं पॅड तळव्याला हलकेच टेकवा. मग पुठ्ठ्यावर ठेवलेला जाड कागद टाचेकडून बोटांकडे लावत न्या. पाऊल कागदावर दाबायला गेलात तर बाळ पाय आखडून घेतं आणि ठसा फिसकटतो. प्लॅस्टरचा साचा पावसाळ्यात नकोच. आपल्या दमट हवेत तो लवकर वाळत नाही.

नाकातली दुधाची नळी बदलताना चिकटपट्टी निघते आणि थोडा वेळ चेहरा मोकळा दिसतो. फोटो तेव्हा काढा. फोटोसाठी म्हणून ऑक्सिजन मात्र काढू नका. नळीसकटचे फोटोही हवेतच, घराने रोज पाहिलेला चेहरा तोच असतो. आवाज रेकॉर्ड करताना कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं विजेचं मशीन) बंद न करता फोन बाळाच्या तोंडाजवळ धरावा.

आता धुरीचं. आंघोळीनंतर शेगडी, धुरी देणं, दृष्ट काढून मिरच्या-मोहऱ्या निखाऱ्यावर टाकणं आजीला हवंच असतं. ऑक्सिजन चालू असताना हे त्या खोलीत अजिबात नको, समई आणि उदबत्तीही नको. ऑक्सिजनमुळे आग भडकते, आणि धूर या बाळांच्या छातीला सोसत नाही. आगीच्या याच भीतीने चेहऱ्याला खोबरेलही लावू नये. आजीला दूर ठेवू नका. दृष्ट तिने मीठ-मोहरीने ओवाळून काढावी आणि निखाऱ्यावर टाकायला मागच्या पडवीत न्यावी.

पावसाळ्यात वीज जाणारच, आणि कॉन्सन्ट्रेटर बंद पडणार, म्हणून भरलेला सिलिंडर हाताशी ठेवा. बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला अर्धा लिटर लागत असेल तर भरलेला सिलिंडर सुमारे ५० तास पुरतो. गणपतीला चाकरमानी आले की सर्दी-खोकला असलेल्यांनी ओटीवरूनच बघावं. बाकीच्यांनी साबणाने हात धुऊन एकेकाने आत यावं, पण यावं जरूर. काका-आत्यांनाही हे बाळ मांडीवर घेता आलं पाहिजे.

बाळ गेल्यावर कुंची लगेच धुऊ नका, वास त्यातच राहतो. ती पूर्ण कोरडी करून, सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दुधाने ओली राहिली तर बुरशी येईल. आईचं दूध लगेच आटत नाही. गार पट्ट्या ठेवाव्यात, ठणका कमी होण्यापुरतंच थोडं काढावं. ताप आला किंवा स्तन लाल झाला तर डॉक्टरांना दाखवावं.

जन्म आणि मृत्यू दोन्हींची नोंद २१ दिवसांत करायची असते. बारसं राहून गेलं असलं तरी जन्मनोंदीत नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. ते आधी घाला, म्हणजे मृत्यूच्या दाखल्यावरही बाळ नावानिशी येईल.