ड्यूटी लिस्टमधल्या रिकाम्या जागा भरताना : माझा अनुभव

सांगलीतील एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरची प्रमुख, आहे. शेजारी मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे इथे सिस्टर मिळायला काय अडचण, असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेली मुलगी वर्ष-दोन वर्षे अनुभव घेते आणि पुण्या-मुंबईला, आखातात किंवा सरकारी भरतीत निघून जाते. गेल्या वर्षी अशा राजीनाम्यांच्या जोडीला आयसीयूतील अनुभवी सिस्टर एकापाठोपाठ बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांपर्यंत ही रजा २६ आठवड्यांची आहे आणि ती मिळालीच पाहिजे. पण तेवढ्या काळापुरती कायम नेमणूक करता येत नाही, आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक सिस्टर हे प्रमाणही सोडता येत नाही.

रात्रपाळी संपवून निघालेल्या मुलीला सकाळच्या ड्यूटीला थांबवून घेणे हा सगळीकडचा सोपा उपाय. तो करायचा नाही, हे मी सुरुवातीलाच ठरवले, कारण थकलेल्या हातून औषधाची चूक होते आणि ती रुग्णाला भोवते.

आधी इन्चार्ज सिस्टरना बरोबर घेऊन सकाळची पाळी नीट पाहिली. रक्तपेढीतून पिशवी आणणे, रिपोर्टसाठी लॅबमध्ये जाणे, डिस्चार्जचे कागद बिलिंगला पोहोचवणे यांत सिस्टरचा बराच वेळ जात होता. ही कामे मामा आणि मावशींकडे (वॉर्डबॉय आणि आया) सोपवली. रक्ताच्या पिशवीचा क्रमांक व गट पडताळणे मात्र सिस्टरकडेच ठेवले. मग वॉर्डातील ज्या सिस्टरनी पूर्वी कुठे ना कुठे आयसीयूत काम केले होते, त्यांची यादी केली आणि प्रत्येकीला अनुभवी सिस्टरच्या सोबतीने जादा म्हणून आयसीयूत पाठवले. सक्शन (श्वासमार्गातील स्राव यंत्राने ओढून काढणे), मॉनिटरचे अलार्म, इन्फ्युजन पंप (शिरेतून ठरावीक वेगाने औषध सोडणारे यंत्र) हे सगळे ती एकटीने सांभाळते अशी इन्चार्जची सही झाल्यावरच तिचे नाव आयसीयूच्या लिस्टमध्ये घेतले.

त्यामुळे वॉर्डात जागा रिकाम्या झाल्या. त्यासाठी मुले लहान म्हणून नोकरी सोडलेल्या आणि निवृत्त झालेल्या सिस्टरना आम्ही विचारले. आठ तासांची ड्यूटी कोणालाच जमत नव्हती, पण सकाळी आठ ते बारा यायला अनेक जणी तयार होत्या. इंजेक्शने, ड्रेसिंग आणि डॉक्टरांचा राउंड यांची खरी गर्दी त्याच वेळेत असते. परिचर्या परिषदेच्या नोंदणीचे नूतनीकरण काहींचे राहिले होते. ते होईपर्यंत त्यांना थांबवावे लागले. विश्वस्तांना औषधांची काळजी वाटत होती आणि ती रास्त होती. म्हणून तासांवर येणाऱ्या सिस्टरला कायम एकच वॉर्ड दिला, आणि इन्सुलिन, हेपारिन, पोटॅशियम क्लोराइड ही चूक झाल्यास जिवावर बेतणारी औषधे देताना कायम नोकरीतल्या सिस्टरची दुसरी सही सक्तीची केली. ऑपरेशन थिएटरमध्ये आयुष्य काढलेल्या एका ज्येष्ठ सिस्टर कुपीवरचे नाव आणि मात्रा आजही मोठ्याने वाचतात. आता नव्या मुलीही तसेच वाचू लागल्या आहेत, याचे मला फार समाधान आहे.

जादा ड्यूटीची विचारणा व्हॉट्सॲप ग्रुपवर होते. घरात पैशांची निकड असलेल्या त्याच त्या मुली प्रत्येक वेळी हात वर करतात, असे लवकरच दिसले. म्हणून आठवड्याला एकीला एकच जादा ड्यूटी आणि तिचे पैसे त्याच महिन्याच्या पगारात, असा नियम केला. साप्ताहिक सुट्टी कोणाचीही मोडत नाही.

रात्रपाळीला मात्र तासांवरच्या सिस्टर मिळत नाहीत. ड्यूटी लिस्टमध्ये आता कोण कुठे राहते याचाही रकाना आहे, कारण २०१९ च्या महापुराचा अनुभव इथे कोणीच विसरलेले नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. पाणी चढू लागले की नदीपलीकडच्या सांगलीवाडीत राहणाऱ्या सिस्टरची रात्रीची सोय आधीच रुग्णालयात करतो. रात्रपाळीचा वेगळा भत्ता आणि ने-आण करणारी गाडी यांचा प्रस्ताव विश्वस्तांपुढे ठेवला आहे आणि त्याचा पाठपुरावा सुरू आहे.