बर्फ फेकणारे यंत्र आणि शब्दांची धूळफेक

स्नोब्लोअर घ्यायचा म्हणून मी माहितीपत्रके चाळायला बसलो, तेव्हा यंत्रापेक्षा विशेषणेच जास्त वजनदार निघाली. ‘टू-स्टेज’ म्हणजे दोन वेग, असे मी कितीतरी दिवस खुशाल समजत होतो. प्रत्यक्षात सिंगल-स्टेज यंत्रात ऑगर हे एकच फिरते पाते बर्फ गोळा करते आणि तेच तो बाहेर भिरकावते, तर टू-स्टेजमध्ये ऑगरने आत ओढलेला बर्फ मागचा वेगळा पंखा लांब फेकतो. हा फरक खरोखर महत्त्वाचा आहे, कारण सिंगल-स्टेजचा ऑगर जमिनीला घासत चालतो आणि खडीच्या वाटेवर बर्फाबरोबर खडेही उडवतो.

अशाच यंत्रांवर कधीकधी ‘सेल्फ-प्रोपेल्ड’ असे झळकते. तिथे बहुधा चाकांना इंजिनाची जोड नसते. जमिनीला घासणारा ऑगरच यंत्र पुढे ओढतो, त्यामुळे तो उचलला गेला की ढकलण्याचे काम आपल्याकडे येते.

सर्वांत लबाड शब्द मला ‘४० व्होल्ट मॅक्स’मधला ‘मॅक्स’ वाटला. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी भार नसताना तेवढा दाब दाखवते; एरवी तिचा नाममात्र दाब ३६ व्होल्टच असतो. ती किती वेळ पुरेल याचा अंदाज वॅट-तासांवरून येतो, आणि नेमका तोच आकडा मला भिंग घेऊन खोक्याच्या तळाशी शोधावा लागला.

इंजिनाचे ‘सीसी’ हे आकारमान आहे, ताकद नव्हे. बर्फ ‘४० फुटांपर्यंत’ फेकण्याच्या दाव्यात तर सगळी मेख ‘पर्यंत’मध्येच आहे, कारण ओला, जड बर्फ त्याच यंत्रातून बराच अलीकडे पडतो.