चिकट ‘बी’, नोंद तिसरी: साखर निघूनही बटण सुस्त, आणि दोष भलतीकडेच

‘बी’ सुटलं! म्हणजे उसाचा रस सांडून चिकटलेलं, हातात धरून खेळायच्या गेमिंग यंत्राचं ‘बी’ बटण. मागच्या नोंदीपर्यंत साखर निघाली होती, तरी बटण सुस्तच होतं आणि बहुतेकांचा सल्ला एकच होता: मेम्ब्रेन (बटणांखालचा सिलिकॉन रबराचा पडदा) बदला. बदलावं लागलं नाही. मेम्ब्रेन मूळचंच, बटण मूळचंच, आणि आता ते शेजारच्या ‘ए’च्या बरोबरीने वर येतंय. दोष डोमच्या (मेम्ब्रेनवर प्रत्येक बटणाखाली असतो त्या रबरी घुमटाच्या) तळाशी असलेल्या हवेच्या वाटेत होता. त्यामुळे आज बाकी सगळं थोडक्यात आणि हेच सविस्तर.

आधी वॉरंटीचं बघू, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले. यंत्र वॉरंटीत असूनही उघडलं, याचं कारण आत उसाचा रस गेला होता, आलं-लिंबू घातलेला. द्रव सांडून झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही. कोल्हापुरातून कुरिअर करायचं, वाट बघायची आणि शेवटी ‘लिक्विड डॅमेज’ असा शेरा आणि अख्ख्या बोर्डाचं एस्टिमेट हातात घ्यायचं, याला अर्थ नाही. पण बटण चिकटण्याचं कारण कारखान्यातलं असेल तर स्क्रूला हातही लावू नका, सरळ क्लेम करा. म्हणून न उघडता कारण ओळखणं ही पहिली पायरी.

बटण मधोमध न दाबता चारी कडांवर एकेक करून लाकडी काडीने दाबा. एकाच कडेने दाबल्यावर अडकत असेल तर साच्याची बर (प्लास्टिकची उरलेली बारीक कड) राहिलीय किंवा शेलचं, म्हणजे बाहेरच्या कवचाचं भोक तिरकं आहे. हा उत्पादनाचा दोष, क्लेम करण्यासारखा. कुठूनही दाबलं तरी सारखंच चिकटत असेल तर आत काहीतरी गेलंय. मग ओएचपी शीटची बारीक पट्टी कापा (जाडी साधारण ०.१ मिमी), डिस्टिल्ड पाण्यात टेकवा, झटका आणि फटीत फिरवा. पट्टीला पिवळट-तपकिरी चिकट लागलं की साखर. तिसरी खूण हवामानाची. उन्हाळ्यात बरं चालणारं आणि पावसाळा लागला की चिकटणारं बटण म्हणजे बहुतेक वेळा साखरच. उसाच्या रसात सुक्रोजबरोबर थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं, आणि विशेषतः फ्रुक्टोज हवेतला ओलावा ओढून घेतं. आपल्याकडे जुलैत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की वाळलेल्या थराचा पुन्हा पाक होतो. बर असलेलं बटण मात्र बाराही महिने अडकतं.

सीलचा स्टिकर ड्रायरने गरम करून उचलायचा आणि नंतर जसाच्या तसा चिकटवायचा, हे कुणी करू नये. उघडलंय तर उघडलंय असंच सांगावं. अमेरिकेत १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे नुसतं सील तुटलं म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही, पण तो आधार इथे चालत नाही. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाचं राइट टू रिपेअर पोर्टल २०२२च्या डिसेंबरात सुरू झालंय आणि तक्रारीसाठी १९१५ ही हेल्पलाइन आहे. वाद घालायची वेळ आली तर उपयोगी पडतात ते फोटो: सिरीयल नंबर, सील आणि आतल्या पांढऱ्या ओलावा-खुणा, सगळं काही करायच्या आधी टिपलेलं. त्या खुणा पाणी लागलं की लाल-गुलाबी होतात. सफाई करताना त्यांच्यावर थेंब उडाला तर नसलेला पुरावा आपणच तयार करून ठेवतो, म्हणून आधी त्यांच्यावर कॅप्टॉन टेप लावा.

उघडणं आता सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे फक्त जिथे गाडी अडते तेवढंच. बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली आणा. मेमरी कार्ड काढा. स्टीम डेक हे गेमिंग यंत्र असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवायचं, कार्ड आत ठेवून मागचं कव्हर ओढलं की कार्डाचे दोन तुकडे होतात. डेकला मागे आठ स्क्रू, कोपऱ्यांतले चार लांब आणि बाकीचे चार आखूड. आरओजी अलाय या दुसऱ्या यंत्राला सहा, त्यातला खालचा मधला पूर्ण बाहेर येतच नाही, तो सैल झाला की कव्हर आपोआप थोडं उचकतं. त्याला उपटत बसू नका. कव्हर निघाल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर, आणि तो वायर धरून न ओढता कनेक्टरच्या दोन्ही कानांवर प्लास्टिकचा स्पजर (चपटी उचकटणी) लावून. रिबनचं (चपट्या केबलचं) लॉक उभं होणारं आहे की सरकणारं, हे भिंगातून बघितल्याशिवाय नखाने उचलायचं नाही.

हत्यारांबद्दल एक सांगतो. शंभर बिटांच्या स्वस्त पेटीपेक्षा एक चांगला पीएच०० आणि एक पीएच० (अधिक चिन्हाच्या टोकाचे फिलिप्स स्क्रूड्रायव्हर) घ्या. स्वस्त बिटाचं टोक गोल होतं आणि जाताना स्क्रूचं डोकंही गोल करून जातं. कव्हरच्या फटीत स्टीलची पट्टी नको, गिटारचं ०.७ मिमीचं पिक पुरतं. भिंग मात्र गुजरीतून, कोल्हापूरच्या सराफ पेठेतून घेतलेलं, सराफ वापरतात ते दहापट मोठं दाखवणारं. मोबाइल रिपेअरच्या दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या भिंगांपेक्षा ते कितीतरी सरस आहे, आणि आजचा दोष त्याच्याशिवाय दिसलाच नसता.

आता मुख्य मुद्दा. सगळीकडे सांगतात की ९९ टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मारा, पुसा, झालं. तेल, घामाचा चिकटपणा, सोल्डरिंगचा फ्लक्स यासाठी ते बरोबर आहे. साखरेसाठी चूक. साखर पाण्यात विरघळते, १०० मिली पाण्यात सुमारे २०० ग्रॅम. शुद्ध आयपीएमध्ये ती जवळपास विरघळतच नाही. उलट आयपीए पाकातलं पाणी शोषून घेतं आणि साखर पांढऱ्या कणांच्या रूपात तिथेच बसते. वरून बटण कोरडं आणि स्वच्छ वाटतं, दोन दिवस छान चालतं, मग हवेतला ओलावा धरून पुन्हा चिकट. मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्केवालं निदान त्यातल्या पाण्यामुळे थोडी तरी साखर सोडवतं.

म्हणून क्रम असा: आधी पाणी, मग आयपीए. पाणी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड, साधारण ४० अंश कोमट. नळाचं नको, वाळल्यावर क्षारांचे डाग राहतात. बटणं आणि मेम्ब्रेन बाहेर काढून सरळ पाण्यात बुडवायची. बोर्डाच्या पॅडवर (डोम दबून जिथे टेकतो त्या जागांवर) मात्र बुडवाबुडवी नाही: कापसाची काडी ओली करून पिळून घ्यायची, फिरवायची, प्रत्येक वेळी नवी काडी, रंग येणं थांबेपर्यंत. त्यावर लगेच ९९ टक्के आयपीए, ते उरलेलं पाणी घेऊन उडून जातं. एसीटोनचं नाव काढू नका, शेलचं एबीएस प्लास्टिक त्यात विरघळतं. डब्ल्यूडी-४०सुद्धा नको, त्यातल्या तेलाने सिलिकॉनचं मेम्ब्रेन फुगतं. आणि ‘थोडं सिलिकॉन ग्रीस लावा’ हा सल्ला तर सगळ्यात घातक, सिलिकॉन रबर सिलिकॉन तेलच सर्वांत आवडीने पितं.

एवढं झाल्यावर मागच्या नोंदीत आपण थांबलो होतो. भिंती स्वच्छ, बटण बाजूंना कुठेही घासत नाही, तरी ‘बी’ सुस्त. मोबाइलच्या २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये एक फ्रेम म्हणजे ४.२ मिलीसेकंद. ‘ए’, ‘एक्स’, ‘वाय’ सोडल्यावर पाच-सहा फ्रेममध्ये वर. ‘बी’ला तीस फ्रेम, म्हणजे १२५ मिलीसेकंद. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर यंत्र ठेवून, शून्य करून, काडीने दाबलं तर चारही बटणं १५० ग्रॅमच्या आसपास दबत होती. हीच विसंगती महत्त्वाची. डोमचं रबर मेलं असतं तर दाबायला लागणारं वजनही कमी भरलं असतं. दाबताना सगळं ठीक आणि फक्त परत येताना उशीर, याचा अर्थ रबर धडधाकट आहे आणि त्याला खालून काहीतरी धरून ठेवतंय.

धरून ठेवते ती डोमखालची निर्वात पोकळी. डोम दबताना त्याच्या आतली हवा बाहेर जावी लागते आणि सुटताना परत आत यावी लागते. त्यासाठी मेम्ब्रेनच्या खालच्या अंगाला बारीक चर असतात, आपल्या यंत्रात साधारण एक मिमी रुंद आणि त्याच्या निम्म्याहूनही कमी खोल. ते चारही डोमना एकमेकांशी आणि मग कडेशी जोडतात. ‘बी’ सगळ्यात उजवीकडे, रस तिथूनच उतरलेला, आणि पहिल्या आयपीएने तिथल्या पाकाची पांढरी खडी झालेली. दाबताना हवेचा जोर मेम्ब्रेनची कड किंचित उचलतो आणि हवा निसटते. सोडताना मात्र तीच कड बोर्डाला घट्ट चिकटते आणि हवा आत येऊ देत नाही. एका बाजूनेच उघडणारा व्हॉल्व्ह तयार होतो. कोमट पाण्यात बुडवल्यावर वरची साखर गेली, पण चरात आल्याचा एक तंतू अडकून बसला होता आणि त्याच्या मागची साखर तशीच राहिली. भिंगाखाली तो तंतू चराच्या वळणावर आडवा, दोन्ही टोकांना पांढऱ्या कणांसह, अगदी स्वच्छ दिसत होता.

याची परीक्षा करायला काहीही विकत घ्यावं लागत नाही. सुटं मेम्ब्रेन फोटोफ्रेमच्या स्वच्छ काचेवर ठेवायचं, एकेक डोम बोटाने दाबायचा आणि सोडायचा. मोकळा डोम तत्काळ उठतो. बुजलेला डोम काचेला धरून दबलेलाच राहतो आणि कड नखाने उचलली की ‘टक’ करून सुटतो. काचेखालून बघितलं तर पोकळी धरतानाही दिसते. मेम्ब्रेन मागवण्याआधी प्रत्येकाने ही परीक्षा करावी.

साफ करायला मासेमारीचा ०.२५ मिमी नायलॉन दोरा. टोक तिरकं कापायचं, चरात घालून आतून कडेकडे ढकलायचं, उलट नाही, नाहीतर कचरा डोममध्ये जातो. सुई अजिबात नको, सिलिकॉनला एकदा चीर गेली की ती वाढतच जाते. तंतू निघाल्यावर पुन्हा कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून पंधरा मिनिटं, दोनदा स्वच्छ पाण्यात खंगाळणं, रबरी ब्लोअरने प्रत्येक चरात हवा आणि रात्रभर सिलिका जेलच्या डब्यात. सकाळी काचेवर चारही डोम टणाटण उठले. लई भारी वाटलं.

डोममधली कार्बनची काळी टिकली ओल्या काडीने नुसती टिपायची, घासायची नाही. खोडरबर तर नकोच, तो टिकलीही खातो आणि पॅडवरचा मुलामाही. मल्टीमीटरच्या दोन टोकांनी टिकलीचा विद्युत रोध मोजला तर चारही जवळपास सारख्या भरल्या. ‘बी’च्या एकटीचाच कित्येक पट जास्त आला असता तर मात्र मेम्ब्रेन बदलणं भाग होतं, कारण मग बटण वर वेळेवर येऊनही दाब चुकत राहतो.

जोडताना स्क्रू आधी उलटा फिरवायचा. जुन्या आट्यात बसला की बारीक टिक लागते, तिथून पुढे आवळायचा. प्लास्टिकमध्ये नवे आटे पडले की दोन-तीन वेळांत भोक ढिलं होतं. सगळं जोडून स्लो-मोशन घेतलं: ‘बी’ सहा फ्रेम.

पुढचा बेत गुजरीतल्या एखाद्या ओळखीच्या कारागिराच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये डी-पॅडचं (दिशांच्या बटणाचं) मेम्ब्रेन धुऊन घेण्याचा होता. तो रद्द. कार्बनच्या टिकलीवर त्याचा काय परिणाम होतो हे जुन्या, टाकाऊ मेम्ब्रेनवर बघितल्याशिवाय चालू यंत्राचं त्यात घालायचं नाही. शिवाय दोरा आणि काच एवढ्यावर काम होतंय.

त्याऐवजी हे लिहिता लिहिताच दुसरं सुचलंय. काडीने दाबून काट्यावर वाचलेलं वजन हाताच्या थरथरीने पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे होतं. कोल्हापुरातल्या उद्यमनगरात २० मिमी पितळी रॉडचा ५६ मिमी तुकडा कापून घेतला तर तो बरोबर १५० ग्रॅमच्या जवळ भरतो (पितळाची घनता सुमारे ८.५). एका टोकाला ६ मिमीची गोल टोपी खरादून घ्यायची आणि वरून सरळ खाली यावा म्हणून पीव्हीसी पाइपचा तुकडा. बटणावर ठेवला की दबलं पाहिजे, उचलला की सुटलं पाहिजे, आणि प्रत्येकाच्या यंत्राचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतील. टोपीसाठी पितळ खरादताना वजन घटेल, म्हणून तुकडा ६० मिमी घेऊन काट्यावर बघत बघत उतरवायचा. कुणाला जादाचा हवा असेल तर आत्ताच कळवा, एकदम चार-पाच करून घेतले तर लेथवालाही मनावर घेतो. डी-पॅडचं मेम्ब्रेन त्याच्याखालीच तपासायचं आहे, तोवर मागचं कव्हर दोनच स्क्रूंवर ठेवलंय.